एका घराने सरकलेले शब्द

माझी शिकवणी बेळगावच्या वडगावात एका जुन्या घराच्या माडीवर चालते. खाली पूर्वी हातमाग होता. मागाचा खड्डा अजून तसाच आहे, वर फळ्या टाकल्यात. दहावीची परीक्षा जवळ आली की मराठी माध्यमाची आणि कन्नड माध्यमाची मुले माडीवर एकाच सतरंजीवर बसतात. मराठी माध्यमाची बहुतेक येळ्ळूर-धामण्याकडून येतात, कन्नड माध्यमाची आसपासच्या गल्ल्यांतली. विज्ञान दोघांना मीच सांगतो, थोडे ह्या भाषेत, थोडे त्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. येळ्ळूरच्या एका मुलीने शेजारच्या मुलाचे पुस्तक सहज चाळायला घेतले. कन्नड तिला वाचता येते, शाळेत विषयच आहे. एका धड्याचे नाव तिने मोठ्याने वाचले, 'लोहगळु मत्तु अलोहगळु', आणि मान वर करून विचारले, "सर, ह्यांना लोखंडावर आख्खा धडा हाय काय?"

मुलगा म्हणाला, "लोखंड न्हवं गं. लोह अंदर मेटल. लोखंड अंदर कब्बिण." (कन्नडमधले 'अंदर' म्हणजे आपले 'म्हणजे'.)

"मग धातू?"

"धातु अंदर एलिमेंट." मग माझ्याकडे वळून, साक्ष काढावी तसा म्हणाला, "नम्म पुस्तकदाग हंग ऐत्री, सर." आमच्या पुस्तकात असंच आहे, सर.

दोघेही बरोबर होते. मुलगी मात्र माझ्याकडे अशी बघत होती, की तीन वर्षे मी तिला काहीतरी चुकीचे शिकवले असावे.

मी बावीस वर्षे विज्ञान शिकवतोय. हे शब्द मला दोन्हीकडचे ठाऊक होते, पण ते कधी एकाशेजारी एक मांडून पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी फळ्यावर मांडले. मराठीत धातू म्हणजे सोने, तांबे, जस्त हा वर्ग. कन्नडमध्ये धातु म्हणजे मूलद्रव्य, त्यात गंधकही आले आणि प्राणवायूही. मराठीत लोह म्हणजे एकटे लोखंड. कन्नडमध्ये लोह म्हणजे सगळे धातू. मराठीत अणू हा मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि अणू एकत्र आले की रेणू. कन्नडच्या पुस्तकात सर्वांत लहान तो परमाणु आणि परमाणु एकत्र आले की अणु. मराठीत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून तयार होणारा पदार्थ, मिठासारखा. कन्नडमध्ये त्याला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे अल्कली, पाण्यात विरघळणारा आम्लारी. सोडियम आणि पोटॅशियम ज्या कुटुंबात बसतात त्याला आपण अल्क धातू म्हणतो, ते म्हणतात 'क्षार लोहगळु'. मराठी कानाला हे लोहाच्या क्षारासारखे, म्हणजे जवळपास गंजाच्या भावंडासारखे ऐकू येते.

हे शब्द दोन्ही भाषांनी संस्कृतातून घेतले. उच्चारही जवळजवळ तोच. आणि प्रत्येक शब्द एकेका घराने सरकलेला. शब्द अनोळखी असता तर मूल अडखळले असते, त्याने विचारले असते. ओळखीचा शब्द कानावर आला की ते थांबत नाही, मान डोलावते आणि पुढे जाते. चूक तिथे होते आणि दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: सीमाभागातल्या शाळांसाठी आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत, मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांच्या, प्रत्येक धड्यामागे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांची शब्दयादी छापली गेली पाहिजे आणि सरकलेल्या शब्दांवर ठळक खूण असली पाहिजे. मागणी लहान वाटेल. तिच्यामागे काय आहे ते सांगतो.

कर्नाटकात दहावीची परीक्षा मराठीतून लिहिता येते. पाठ्यपुस्तके मराठीत निघतात. त्यानंतर ज्याला विज्ञान घ्यायचे त्याला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजी पुस्तक हातात घ्यावे लागते. पण पुस्तक इंग्रजी असले तरी वर्गात समजावणे इंग्रजीतून होत नाही. कठीण जागा आली की प्राध्यापक कन्नडकडे वळतात आणि वळायलाच हवे, कारण समोरची बहुतेक मुले कन्नड आहेत. 'परमाणुगळु सेरि अणु आगतैति', परमाणू एकत्र येऊन अणू होतो, असे एक वाक्य फळ्यापाशी बोलले जाते. कन्नड मुलाच्या डोक्यात दिवा लागतो. खानापूर तालुक्यातून एसटीने आलेल्या मुलाच्या डोक्यात तेच वाक्य उलटे बसते, आणि इतके ओळखीचे वाटते की तो हात वर करत नाही.

याचा हिशेब आकड्यात कसा चुकतो तेही पाहा. मराठीत ऑक्सिजनचा अणुभार विचारला तर उत्तर १६. कन्नडमध्ये ऑक्सिजनची 'अणु राशि' विचारली तर उत्तर ३२, कारण तिकडचा अणु म्हणजे दोन परमाणूंची जोडी. म्हणजे एका शब्दामुळे उत्तर दुप्पट किंवा निम्मे. मोलचे, म्हणजे पदार्थातले कण मोजण्याच्या एककाचे, गणित इथून सुरू होते, आणि इथे पाय घसरलेले मूल पुढे दोन वर्षे रसायनशास्त्राला घाबरत राहते. कोणी त्याला सांगत नाही की तुझे गणित बरोबर होते, शब्द सरकला होता.

हा गोंधळ फक्त बेळगावच्या वाट्याला आला असे नाही. मूलद्रव्यांचे वर्गीकरण ज्या वाटेने जगात आले, त्या वाटेवर नेमका हाच खड्डा होता, आणि तो बुजवल्याशिवाय कोणालाही पुढे जाता आले नाही. शाळेत आपण डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मेंडेलीव्हची सारणी अशी नावांची माळ पाठ करतो. या माळेत जी गोष्ट सांगितली जात नाही ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: वर्गीकरणाच्या आधी नावांचा तंटा मिटवावा लागला.

अठराव्या शतकात रसायनांची नावे ज्याच्या त्याच्या मर्जीची होती. जस्ताची फुले, आर्सेनिकचे लोणी अशी. नावावरून पदार्थात काय आहे ते कळायचे नाही. १७८७ साली लव्हॉझिए, गीतों द मॉर्वो, बेर्तोले आणि फूर्क्र्वा या चार फ्रेंच रसायनज्ञांनी मिळून नावे ठेवण्याची पद्धतच नव्याने बसवली. दोन वर्षांनी, १७८९ साली, लव्हॉझिएने ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. त्या यादीत प्रकाश होता, उष्णता होती, चुनाही होता. यादी चुकीची होती, पण ती एका भाषेत मांडलेली होती, म्हणून पुढच्यांना ती दुरुस्त करता आली. कोणती ओळ खोडायची हे सगळ्यांना एकसारखे कळत होते.

मग अणू आले आणि तंटा पुन्हा पेटला. पाण्यात हायड्रोजनचा एक अणू की दोन? ऑक्सिजनचा भार ८ धरायचा की १६? ॲव्होगाड्रोने १८११ सालीच वाट दाखवली होती की वायूचा कण हा दोन अणूंची जोडी असू शकतो. पण अणू कशाला म्हणायचे आणि रेणू कशाला, यावरच एकमत नव्हते, त्यामुळे त्याचे म्हणणे पन्नास वर्षे पडून राहिले. प्रत्येक प्रयोगशाळा आपापले भार वापरायची आणि आपापली सूत्रे लिहायची. शिरक्यात असते ते साधे ॲसिटिक आम्ल. केकुलेने १८६१ साली त्याची त्या काळी चालू असलेली एकोणीस वेगवेगळी सूत्रे आपल्या पाठ्यपुस्तकात छापून दाखवली.

त्याआधीच्याच वर्षी केकुले, वुर्ट्‌झ आणि वेल्टझीन यांनी सगळ्यांना एकत्र बोलावले. ३ सप्टेंबर १८६० रोजी, बाडेन संस्थानची राजधानी कार्ल्सरूहे इथे. ऱ्हाईन नदीच्या जवळचे गाव, फ्रान्सची सीमाही जवळच. निरनिराळ्या देशांतले, निरनिराळ्या भाषा बोलणारे शंभराहून अधिक रसायनज्ञ तीन दिवस बसले, आणि त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता: अणू आणि रेणू या दोन शब्दांत फरक करायचा की नाही? युरोपातली मोठमोठी डोकी, आणि विषय माझ्या माडीवरचा.

अणुभारांचा वाद सभेत मिटला नाही. पण निघताना सभासदांच्या हातात एक पुस्तिका पडली. जिनोव्हातल्या कानिझारो नावाच्या प्राध्यापकाची, १८५८ सालची. आपण विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र कसे शिकवतो याची ती रूपरेषा होती. अणू म्हणजे हे, रेणू म्हणजे ते, आणि असे धरले की सगळे भार कसे जुळतात, इतके सरळ. लोथर मायरने ती वाचली आणि त्याला वाट दिसली. सभेला सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्हही होता. नऊ वर्षांनी, १८६९ साली, त्याने तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये सारणीत बसवली, तीही विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिता लिहिता. भार एकसारखे झाले नसते तर ती ओळीत उभीच राहिली नसती, मग कोण कोणाच्या खाली येतो हे दिसणे तर दूरच.

आणि हेही पाहा. मेंडेलीव्हच्या सात वर्षे आधी, १८६२ साली, शांकूर्त्वा नावाच्या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने मूलद्रव्ये एका नळकांड्यावर मळसूत्रासारखी भारानुसार लावली होती. एकसारख्या गुणांची मूलद्रव्ये एकाखाली एक आली होती. पण त्याचे शब्द भूगर्भशास्त्राचे होते, आणि छापताना आकृतीच गळाली. रसायनज्ञांनी तो लेख वाचून न वाचल्यासारखा केला. शोध लागला होता, पण ज्यांच्यासाठी लागला त्यांच्या शब्दांत तो नव्हता, म्हणून सापडला नाही. मराठी मुलांबद्दल शिक्षक जेव्हा म्हणतात की ही विज्ञानात मागे पडतात, तेव्हा मला हे नळकांडे आठवते.

सारणीच्या पुढच्या इतिहासात मी इथे फार शिरत नाही. मोझलीने १९१३ साली क्ष-किरणांच्या आधारे अणुअंक, म्हणजे मूलद्रव्याचा सारणीतला क्रमांक, पक्का केला आणि भारांमुळे राहिलेल्या शंका मिटल्या. दोन वर्षांनी, सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. आज सारणीत ११८ घरे भरलेली आहेत. पण एक घर आपल्या गावाच्या मुलांना मी नेहमी दाखवतो. मेंडेलीव्हने रिकाम्या ठेवलेल्या घरांना नावे देताना संस्कृतातला 'एक' हा शब्द उचलला. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घराला त्याने नाव दिले 'एक-ॲल्युमिनियम', आणि त्याची घनता सुमारे ५.९ असेल असे आधीच लिहून ठेवले. १८७५ साली फ्रान्समध्ये ते सापडले, गॅलियम. शोधणाऱ्याने घनता ४.७ मोजली, मेंडेलीव्हने पुन्हा मोजायला सांगितले आणि ती ५.९ निघाली. हे गॅलियम तळहातावर वितळते. जगात ते बहुतेक बॉक्साईटपासून ॲल्युमिना काढताना उरणाऱ्या द्रावातून मिळवतात. आणि ॲल्युमिना काढण्याचा कारखाना आपल्या यमनापुरात आहे. हे सांगितले की मागच्या रांगेतली मुलेही पुढे सरकतात. 'एक' हा शब्द मराठीने जशास तसा ठेवला, कन्नड मुलालाही तो 'एकवचन'मधून ठाऊक आहे. सरकला नाही असा एक तरी सापडला.

आता आक्षेपांकडे येतो. ते मी वर्षानुवर्षे ऐकतोय आणि त्यांतला एकही वेडगळ नाही.

पहिला आक्षेप पालकांचा. "सर, पुढं सगळं इंग्लिशच हाय, तर आतापास्नंच मेटल, एलिमेंट शिकवा की. मराठी पण नको, कन्नड पण नको." माझा एक जुना विद्यार्थी उद्यमबागेतल्या एका फाऊंड्रीत तपासणीचे काम करतो. भट्टीतल्या रसाचा नाण्याएवढा नमुना घेतात, तो यंत्रावर ठेवला की ठिणगी पडते आणि कागद बाहेर येतो. कार्बन इतके टक्के, सिलिकॉन इतके, मँगनीज, फॉस्फरस, सल्फर. तिथे गंधक कोणी म्हणत नाही. "सल्फर चढलाय" म्हणतात, मराठीही आणि कन्नडही. म्हणजे पालकांचे म्हणणे खोटे नाही, कामावर इंग्रजी शब्दच चालतात.

पण त्या शब्दांना चिकटायला आधी काहीतरी लागते. मी वर्गात पितळेचा गडू ठेवून विचारतो, हे मूलद्रव्य, संयुग की मिश्रण? ज्या मुलांनी 'अलॉय' हा शब्द नुसता पाठ केलाय त्यांतली निम्मी 'कंपाउंड' म्हणतात, कारण तांबे आणि जस्त एकत्र आलेत. ज्याला 'मिश्रधातू' हा शब्द माहीत आहे त्याला उत्तर शब्दातच सापडते: धातूंचे मिश्रण. कन्नड मुलालाही सापडते, त्याच्याकडे तो 'मिश्रलोह' आहे. (इथेही तेच घर सरकलेले आहे, बघा.) आईच्या भाषेतला शब्द असे काम करतो म्हणून तो टाकून द्यायचा नाही. तो इंग्रजी शब्दाशेजारी ठेवायचा.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा आहे: दोन्हींतले बरोबर कोणते ते एकदा ठरवा आणि तेच दोघांना शिकवा. या वाटेने मी थोडे चालून पाहिले. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात अविभाज्य कण तो परमाणू आणि दोन परमाणूंचे द्व्यणुक. त्या हिशेबाने कन्नडचा 'परमाणु' मुळाच्या अधिक जवळ आहे हे मराठी माणसाने मोकळेपणाने मान्य करावे. हिंदीतही परमाणु आणि अणु कन्नडसारखेच आहेत, इथे मराठी एकटी पडते. पण धातूच्या बाबतीत हिंदी मराठीच्या बाजूने आहे. आणि खुद्द कन्नड वर्तमानपत्रांतही कारवारजवळच्या कैग्याच्या अणुवीज केंद्राला 'अणु विद्युत स्थावर' म्हणतात, पुस्तकातल्या परमाणूला बाजूला ठेवून. प्रत्येक भाषेने आपापल्या सोयीने घेतले. केंद्राचा वैज्ञानिक शब्दावली आयोग १९६१ साली याच हेतूने नेमला गेला की संस्कृताच्या आधाराने सगळ्या भारतीय भाषांना सामाईक परिभाषा मिळेल. आधार एक मिळाला, अर्थ एक झाले नाहीत. आता कोट्यवधी पुस्तकांतून, प्रश्नपत्रिकांतून रुळलेले शब्द मागे फिरवायला सांगणे म्हणजे काहीही न करणे.

नाव बरोबर असण्याची गरजही तितकी नाही. ऑक्सिजन या शब्दाचा अर्थ आम्ल तयार करणारा. लव्हॉझिएला वाटले होते की प्रत्येक आम्लात तो असतोच. पुढे डेव्हीने १८१० साली दाखवले की क्लोरीन हे स्वतःच मूलद्रव्य आहे, आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही. नाव चुकले, पण राहिले. कन्नडने ते तंतोतंत उतरवले, 'आम्लजनक'; आपण प्राणवायू म्हणतो. दोन्ही मुलांना एकमेकांचा शब्द माहीत असला तर आम्लजनक कसा चुकला आणि प्राणवायू का चपखल, हे दहा मिनिटांत शिकवून होते, आणि विज्ञान कसे दुरुस्त होत जाते हेही त्यातच शिकवून होते. कार्बनला कन्नडमध्ये 'इंगाल' म्हणतात. आपल्या आज्या चुलीतल्या धगधगत्या निखाऱ्याला इंगळ म्हणायच्या. हे सांगितल्यावर माझ्या शिकवणीतल्या कुठल्याही मराठी मुलाला 'इंगालद डायऑक्साइड' पुन्हा सांगावे लागलेले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो माझ्या जवळच्या माणसांचा आहे. ते म्हणतात, मराठीच्या पुस्तकात कन्नडचा रकाना छापायचा म्हणजे आपण आपल्याच हाताने हक्क सोडतोय. १९५६ सालापासून आपण हेच सांगतोय की हा भाग मराठी आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा चालू आहे, आणि तुम्ही याद्या करत बसलात. मी दर १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळ्या दिवसाच्या फेरीत चालत आलो आहे, पुढेही चालेन. माझ्या भाषेत शिकण्याचा आणि कारभार मागण्याचा हक्क मला कोणत्याही यादीपेक्षा मोठा आहे. पण दावा दाखल झाला त्या वर्षी जे मूल जन्मले ते आता पदवीधर झाले असेल. त्याची आठवी, नववी, दहावी न्यायालयाच्या तारखांसाठी थांबली नाही. निकाल कोणताही लागो, निपाणीच्या मुलाला कोल्हापुरात शिकायचे असो की धारवाडला, अणू आणि अणु यांतला फरक त्याला कळायलाच हवा.

आणि शेजारच्या भाषेतला शब्द नीट ओळखता येणे ही शरणागती कशी? उलट आज जे चालले आहे तेच जास्त घातक आहे. मराठी मूल कन्नड वर्गात गोंधळते, मग घरचे ठरवतात की धाकट्याला मराठी शाळेत घालायचे नाही. मराठी शाळेचा पट असाच एकेक करून उतरतो. माझ्या डोळ्यांदेखत किती घरांनी हा निर्णय घेतला, आणि प्रत्येक घरात कारण एकच सांगितले गेले: "पुढं पोरगं अडकतंय." ती अडकण्याची जागा मी दाखवतोय, आणि ती सव्वा पान छापून मोकळी होण्यासारखी आहे.

राज्यघटनेच्या कलम ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळण्याची सोय सांगितली आहे. प्राथमिक. पण शब्दांचा गुंता सुरू होतो तो आठवीपासून, जिथे कलमाचा हात पोचत नाही. केंद्राची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण काढून टाकले, अकरावीत ते आहेच असे सांगून. दिल्लीत बसून हे बरोबर वाटत असेल. पण ज्या मुलाचे मातृभाषेतले शिक्षण दहावीलाच संपते, त्याच्या बाबतीत एखादा धडा अकरावीवर ढकलणे म्हणजे तो त्याच्या भाषेतून कायमचा काढून घेणे. मेंडेलीव्हची सारणी त्याने मराठीत एकदाही बघायची नाही? महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात ती दुसऱ्याच धड्यात आहे. सीमेच्या अलीकडच्या मराठी मुलाच्या पुस्तकातही ती राहिलीच पाहिजे, आणि तिच्याखाली तीन रकाने हवेत.

हे करायचे कोणी? कर्नाटकाचा पाठ्यपुस्तक संघ मराठी पुस्तके काढतो, बालभारती कन्नड माध्यमाची पुस्तके काढते. म्हणजे दोन्हीकडे दोन्ही भाषा जाणणारी माणसे आधीच नोकरीवर आहेत. जत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड शाळांतली मुले पुढे मराठी वर्गात बसतात, त्यांची अडचण आपल्या मुलांच्या अडचणीचीच उलटी बाजू आहे. दोन्ही मंडळांनी खानापूर, निपाणी, भालकी, जत, अक्कलकोट इथले पाच-दहा विज्ञान शिक्षक तीन दिवस एका खोलीत बसवावेत. कार्ल्सरूहेची सभाही तीनच दिवस चालली होती.

यादी वर्णानुक्रमे लावू नये एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन. वर्णानुक्रमे लावली की अणू पहिल्या पानावर आणि रेणू शेवटच्या, आणि सगळा मुद्दाच हरवतो. अणू-रेणू शेजारी, त्याखाली परमाणु-अणु. धातू-अधातू शेजारी, त्याखाली लोह-अलोह. मूलद्रव्याखाली धातु. क्षाराखाली लवण, आणि कन्नडच्या क्षारावर खूण. नात्याने लावायचे, भाऊ भावाशेजारी. लोहाच्या ओळीत दवाखान्यातली भाषाही घ्यावी, कारण आशाताई मराठीत लोहाच्या गोळ्या म्हणतात आणि आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या कन्नड फलकावर कब्बिणांश लिहिलेले असते. खताच्या पोत्यामुळे नत्र, स्फुरद, पालाश घराघरात माहीत आहेत. त्यांच्यासमोर सारजनक आणि रंजक यायला हवेत, म्हणजे शेतकऱ्याच्या पोराला कन्नड कृषी पत्रकही वाचता येईल.

माझ्या माडीवर असा एक तक्ता आता टांगलेला आहे. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, तीन रंगांच्या पेनांनी. त्या वर्षी येळ्ळूरच्या मुलीने आणि त्या मुलाने मिळून तो सुरू केला, एकवीस ओळींवर थांबले होते. त्यानंतरच्या मुलांनी वाढवला. गेल्या आठवड्यात मोजल्या, त्रेसष्ट ओळी झाल्यात. शेवटची पूर्ण भरलेली ओळ कोणी लिहिली ते मला माहीत नाही, अक्षर लहान मुलाचे आहे, कदाचित सातवीतले कोणी असेल: पारा, पादरस, मर्क्युरी. त्याखाली दोन रकाने भरलेले आणि मराठीचा रिकामा सोडलेला असा एक शब्द आहे, 'तवर', म्हणजे टिन. मी पेन शोधत होतो तेवढ्यात धामण्याच्या एका मुलाने उठून लिहिले, कथील. मग विचारले, "सर, आमची आज्जी पितळेच्या भांड्याला कल्हई लावायची ती हीच काय?"